भिंतीला बांधलेली मोटार

पारा उणे बावीसवर असताना, दोनशे पावलांवरच्या सभेला मोटारीने जाण्याचा निर्णय हाल्वार यांनी आळसापोटी घेतला नव्हता; तो तत्त्वापोटी घेतला होता. (तत्त्वापोटी केलेल्या गोष्टी आळसापोटी केलेल्या गोष्टींहून नेहमीच महाग पडतात, पण हे त्यांना सांगणार कोण?)

तत्त्व असे, की खरी मोटार डिझेलवरच चालते. रोरोस या बर्फाळ गावातील त्यांच्या वसाहतीच्या वार्षिक सभेपुढे मात्र वाहनतळाच्या भिंतीवर विजेच्या मोटारींसाठी चार्जर बसवण्याचा ठराव आला होता. आणि त्यांच्या पत्नीने, उन्नीबाईंनी, न्याहारीच्या टेबलावरच करार पक्का करून टाकला होता. ठराव फेटाळला गेला, तर नवी डिझेल गाडी. मंजूर झाला, तर विजेची.

"विजेची!" हाल्वार कडाडले. "शेजारच्या सिल्येने घेतली म्हणून? उद्या ती छपरावर झोपली, तर आपणही छपरावर झोपायचं?"

"ती निदान गरम गाडीत बसते," उन्नीबाई पावाला लोणी लावत म्हणाल्या. "आणि सभेला चालत जाऊ या, हाल्वार. समोर तर आहे."

"मुळीच नाही! या थंडीत डिझेल कशी एका झटक्यात सुरू होते, ते ऐकू दे सगळ्यांना!"

ती खरोखरच एका झटक्यात सुरू झाली. मागे घेताना पुढच्या बाजूला 'खाड्' असा आवाज झाला. त्याचा दोष हाल्वार यांनी बर्फाला दिला.

सभागृहात वॅफलांचा खमंग वास दरवळत होता. हाल्वार यांनी वॅफलाला हातही लावला नाही. (यावरून त्यांच्या संतापाची कल्पना यावी.) ते थेट बोलायलाच उभे राहिले.

"शेजाऱ्यांनो, मोटार म्हणजे गाय नव्हे! संध्याकाळी दावणीला बांधा, सकाळी सोडा, आणि वाटेत चारा मिळेल ना, या काळजीने झुरा! याला का मोटार चालवणं म्हणतात? मी उभ्या आयुष्यात माझी गाडी भिंतीला बांधलेली नाही, आणि बांधणारही नाही!"

सभेची अध्यक्ष सिल्येच होती. ती खिडकीबाहेर पाहत होती.

"हाल्वार, तुमच्या गाडीच्या तोंडातून ते काय लोंबतंय?"

सगळी सभा खिडकीशी गोळा झाली. गाडीच्या नाकातून पंधरा फूट वायर निघाली होती. तिच्या टोकाला वसाहतीच्या भिंतीतला सॉकेट होता, सॉकेटला फळीचा तुकडा होता आणि वायरीच्या वेटोळ्यात कुणाचे तरी बर्फ उपसायचे फावडे अडकले होते.

"ती थंडीत रात्रभर इंजिन गरम ठेवायची विजेची वायर आहे!" हाल्वार गरजले. "तिचा इथे काय संबंध?"

"भिंतीलाच लावता ना ती?" कुणीतरी विचारले.

"ते वेगळं!"

"ऑक्टोबर ते एप्रिल," उन्नीबाई उठून म्हणाल्या. "एकतीस वर्षं, रोज संध्याकाळी. माझा वाढदिवस विसरेल. पण तिला बांधायला विसरणार नाही."

"सोडायला मात्र विसरला!" मागून आवाज आला. "आणि माझं फावडं पळवलं!"

ठराव मताला टाकण्यात आला. विरोधात एकच हात वर झाला. फावडे तोवर मालकाने नेले होते. हाल्वार यांनी गाडीपासून सोडवून आणलेली वायर त्या हातातच होती.

भिंतीत सॉकेट उरला नव्हता. त्यामुळे सोमवारी सकाळी, उणे चोवीसमध्ये, डिझेल गाडी दोनदा खोकली आणि कायमची मौनात गेली. उन्नीबाईंना तर नव्या गाडीची नोंदणी करायला दुकानात जायचे होते. सिल्येने आपल्या गाडीचे दार उघडले.

"मी फक्त निषेध नोंदवायला येतोय," असे बजावून हाल्वार मागे बसले. आसन उबदार होते. त्यांनी संतापाने टोपी काढली. मग संतापाने हातमोजे काढले. कोट काढला, तोही संतापानेच.

दुकानापाशी उन्नीबाई उतरल्या.

"चल, हाल्वार. निषेध नोंदवायचा आहे ना?"

"नोंदवणार आहे, सोडणार नाही एकालाही!" डोळे मिटूनच हाल्वार गुरगुरले. "तू आधी दार लाव. ऊब बाहेर जातेय."