मागील भार : चौसष्ट किलो

कुंडलिक शेजवळ यांची स्कूटर पाचव्यांदा बंद पडली, तेव्हाही त्यांनी आधी घड्याळ पाहिले, मग किलोमीटरचा आकडा पाहिला आणि त्यानंतरच मागे बसलेल्या पत्नीकडे पाहिले. खिशातून वही काढून त्यांनी नोंद केली : 'रविवार, सकाळी ९.४०. घरापासून अंतर साडेआठ किलोमीटर. इंजिन आचके देऊन बंद. पेट्रोल पुरेसे.'

"लिहून झालं असेल तर उतरू का?" मीराबाईंनी विचारले.

"उतर. दहा मिनिटांत चालू होईल. मागच्या चारही वेळा झाली होती."

आणि खरोखरच झाली. हेच तर कुंडलिकरावांचे दुःख होते. शासकीय तंत्रशाळेत त्यांनी एकतीस वर्षे मोटारयांत्रिकी शिकवली होती. कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या निम्म्या गॅरेजांतून त्यांचे विद्यार्थी पाने फिरवत होते. अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीने बंद पडावे, आणि कारण न सांगता पुन्हा चालू व्हावे, हा त्यांना सरळसरळ उद्धटपणा वाटे.

मीराबाईंचे दुःख वेगळे होते. चौतीस वर्षे त्यांनी 'निवृत्त झाल्यावर जाऊ' हे एकच वाक्य ऐकले होते. निवृत्तीनंतर स्कूटर आली खरी, पण पावणेदोन वर्षे ती मानपाड्याच्या बाजारापलीकडे गेली नाही. मग मीराबाईंच्या थोरल्या बहीण सखुबाई, म्हणजे अक्का, टिटवाळ्यातल्या एका नव्या इमारतीत राहायला गेल्या. गुडघ्यांमुळे त्यांना घराबाहेर पडता येईना, आणि दर रविवारी सकाळी डबा घेऊन, नवऱ्याच्या मागे बसून, बहिणीकडे जाणे सुरू झाले. गाडी सुटण्यापूर्वी टायरमधली हवा, ब्रेक आणि दिवे तपासणे हे कुंडलिकरावांचे खाते. सीटखालच्या डिकीत सामान लावणे हे मीराबाईंचे. दोघेही एकमेकांच्या खात्यात नाक खुपसत नसत.

ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहणाऱ्या मुलाला, सुशांतला, हा प्रकार कळला तेव्हा त्याने फोनवर निकालच दिला.

"बाबा, भर रस्त्यात गाडी बंद पडते आणि मागे आई बसलेली असते. काही झालं म्हणजे? शनिवारी वॉरंटी संपतेय. तोवर काय बिघाड आहे ते सर्व्हिस सेंटरकडून लिहून आणा. नाहीतर मी सरळ विकून टाकतो."

"गाडी माझ्या नावावर आहे."

"आई माझ्या नावावर आहे," सुशांत म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

कल्याणच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवर पायल नावाची मुलगी होती. तिने गाडी दोनदा ठेवून घेतली होती. इंधनाचा पंप तपासला, फिल्टर पाहिला, संगणक जोडला. दोन्ही वेळा तपासणीच्या कार्डावर तेच : 'दोष आढळला नाही.'

"काका, आमच्यासमोर बंद पडली तर पंप लगेच बदलून देऊ. पण इथे ती मक्खनसारखी चालते ना!"

कुंडलिकरावांनी तिच्यापुढे वही ठेवली. तारीख, वेळ, अंतर, हवामान असे रकाने ठळक रेषांनी आखलेले होते. पायलने वरपासून खालपर्यंत बोट फिरवले आणि शेवटच्या रकान्यावर ती थांबली.

"काका, एक विचारू? राग नाही ना येणार? गाडी फक्त काकू मागे असतानाच बंद पडलीये."

कुंडलिकरावांनी चष्मा वर सरकवला. हे निरीक्षण त्यांच्याकडून कसे सुटले?

दुर्दैवाने त्याच संध्याकाळी ती वही मीराबाईंच्या हाती पडली. शेवटच्या रकान्याचे शीर्षक होते : 'मागील भार'. त्याखाली पाच वेळा, सुवाच्य अक्षरात : 'मीरा, ६४ कि.'

"मी भार?"

"अगं, तो तांत्रिक शब्द आहे."

"चौतीस वर्षांनी कळलं. बरं झालं, लिहून ठेवलंत."

"मीरा, त्याचा अर्थ..."

"अक्काला फोन करून सांगते, मी काही यायची नाही. गाडीला झेपत नाही म्हणून."

दोन दिवस घरात फक्त कुकर बोलला. कुंडलिकरावांना क्षमा मागण्याची सवय नव्हती. त्यांना प्रयोगाची सवय होती. गुरुवारी ते सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. तिथला मुख्य मेकॅनिक महेंद्र त्यांचा जुना विद्यार्थी. त्याला त्यांनी वजनकाट्यावर उभे केले. तो एकोणसाठ किलोंचा भरला. उरलेल्या पाच किलोंसाठी त्याच्या मांडीवर ऑइलचे डबे ठेवण्यात आले.

"सर, लोक बघतायत," महेंद्र डबे कवटाळून म्हणाला.

"प्रयोगात लोक मोजत नाहीत. हलू नकोस."

गंधारेच्या पुलापर्यंत जाऊन-येऊन चौदा किलोमीटर झाले. स्कूटर एकदाही खोकली नाही. कुंडलिकराव आनंदाने घरी आले.

"मीरा, सिद्ध झालं! दोष तुझ्या वजनाचा नाही."

मीराबाईंनी पोळी तव्यावरच ठेवून मागे पाहिले. चेहरा किंचित निवळला होता. "मग कशाचा आहे?"

"आता फक्त तूच उरतेस."

पोळी करपली.

शुक्रवारी, म्हणजे वॉरंटी संपण्याच्या आदल्या दिवशी, कुंडलिकराव स्वयंपाकघराच्या दारात बराच वेळ उभे राहिले. बोलायचे वाक्य त्यांनी बाहेर तीन वेळा म्हणून पाहिले होते, पण ऐन वेळी दुसरेच आले.

"गाडी विकली गेली, तर रविवारी तू लोकलने अक्काकडे जाशील. मी एकटा घरात काय करू?"

मीराबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. मग गॅस बारीक केला. शनिवारी सकाळी त्या साडी नेसून, बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन तयार होत्या.

"डबा कशाला? आपण तपासणीला जातोय."

"पोरं दोनदा राबली तुमच्या गाडीसाठी. रिकाम्या हाताने जायचं?"

कुंडलिकरावांनी टायर तपासले, मीराबाईंनी डिकी लावली, आणि मंडळी निघाली. सर्व्हिस सेंटरची पाटी दिसू लागली, आणि फाटकापासून वीस पावलांवर स्कूटरने तीन आचके दिले. ती बंद पडली.

"पडली!" कुंडलिकराव ओरडले. गाडी बंद पडल्यावर इतका आनंदित झालेला माणूस त्या रस्त्याने पूर्वी पाहिला नसावा. "महेंद्र! पायल! पडली! कुणी हात लावू नका! मीरा, उतरू नकोस, पुरावा आहेस तू!"

महेंद्र पळत आला, त्याच्यामागून पायल. त्याने गाडी ढकलत आत घेतली, मीराबाईंना आदराने उतरवले आणि सीट उचलली. लाडवांचा डबा बाजूला केला. डब्याला लागूनच पेट्रोलच्या टाकीचे झाकण होते. त्याने ते फिरवले. फुस्स असा लांब आवाज करत टाकीने हवा आत ओढली, जणू कोंडून ठेवलेल्या माणसाने श्वास घेतला. महेंद्रने झाकण उलटे केले आणि त्यातून दोन बोटांच्या चिमटीत काहीतरी बाहेर काढले. दुधाच्या पिशवीचा, नीट गोल कापलेला, स्वच्छ धुतलेला तुकडा.

"सर, हे काय?"

"अगं बाई, ते माझं आहे," मीराबाई म्हणाल्या. "फेकू नको हं."

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले.

"पहिल्या रविवारी अक्काच्या लाडवांना पेट्रोलचा वास लागला. म्हणून मग लोणच्याच्या बरणीला लावतो तसा लावला झाकणाखाली. डबा असेल तेव्हाच. घरी आलं की काढून, धुऊन वाळत घालते."

"घरी आल्यावर काढता?" पायलने विचारले. "म्हणजे आमच्याकडे गाडी येते तेव्हा..."

"नसतो. तुम्हाला कशाला लोणच्याचा कागद?"

महेंद्र हसू दाबत होता. "सर, टाकीत हवाच जात नव्हती. मग पेट्रोल कसं येणार? बंद पडल्यावर थोडी हवा हळूहळू आत झिरपायची, म्हणून दहा मिनिटांनी चालू. टाकीच्या झाकणाला छिद्र का असतं, हा प्रश्न तुम्ही मला तोंडी परीक्षेत विचारलेला. मी बोललो, माहीत नाही. तुम्ही नापास केलेलं."

कुंडलिकरावांनी चष्मा काढून पुसला. मीराबाईंचा चेहरा उतरला होता. त्या पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळत होत्या.

"म्हणजे माझ्यामुळेच," त्या हळूच म्हणाल्या. "वहीत बरोबरच होतं."

पायलने पेन उचलले. "काका, कार्डावर काय लिहू? बाहेरची वस्तू टाकीला लावली, असं लिहावं लागेल. काकूंनी..."

"थांब." कुंडलिकरावांचा वर्गातला आवाज परत आला. "मी सांगतो तसं लिही. 'निघण्यापूर्वी इंधनाच्या टाकीचे झाकण तपासणे ही चालकाची जबाबदारी. चालकाने सहाही वेळा ते तपासले नाही.' लिहिलंस?"

"हो."

"पुढे नवी ओळ. 'मागे बसणाऱ्या व्यक्तीचा या दोषाशी काहीही संबंध नाही.' खाली सही कर आणि शिक्का मार."

"काका, शिक्का नसतो हो यावर."

"असेल तो मार."

पायलने टेबलाच्या खणातून शोधून 'गाडी धुतली' असा शिक्का काढला आणि तोच मारला.

लाडू वाटून झाले. उरलेला डबा मीराबाईंनी या वेळी मांडीवर घेतला, कारण इथवर आलोच आहोत तर अक्काला भेटून येऊ, असे त्यांचे म्हणणे पडले. शहाडच्या आधी सुशांतचा फोन आला. कुंडलिकरावांनी गाडी कडेला घेतली, पण फोन मीराबाईंनीच उचलला.

"हो रे, सापडला बिघाड. गाडी चांगली आहे... कागद? आहे ना... नाही, फोटोबिटो काही मिळणार नाही. तो माझ्या पर्समध्ये आहे आणि तिथेच राहणार."

गाडी पुन्हा सुरू झाली. समोर पुलाचा चढ आला, तसा कुंडलिकरावांनी सवयीने वेग कमी केला. मागून त्यांच्या खांद्यावर हात पडला.

"अहो, दाबा की जरा. माझ्याकडे लेखी आहे."