बाबांच्या बंदुकीचा पल्ला

माझ्या हातून चुकीचं गणित आजवर बाहेर पडलेलं नाही. प्रयोगशाळेत मला ‘दशांशचिन्ह’ म्हणतात, तेही पाठीमागे नाही, तोंडावर! त्यामुळे बाबांनी त्यांच्या कादंबरीचं प्रकरण वाचायला दिलं, तेव्हा मी लाल पेन घेऊनच बसले.

आई गेल्यापासून बाबा खिडकीशी बसून असत. बाहेर बघत नसत, नुसते बसत. मग एके दिवशी त्यांनी कादंबरी लिहायला घेतली आणि घरात पुन्हा माणसाचा आवाज येऊ लागला. एका गोठलेल्या ग्रहावर दुष्ट सेनापतीनं राणीला कोंडून ठेवलं आहे. राणी मोज्यांवर मोजे घालते, तरी तिचे पाय गार. आईचेही असत. नायक त्या ग्रहाच्या चंद्रावर बसून लेसरची बंदूक रोखतो आणि सेनापतीला तिथूनच टिपतो.

“बाबा, हे जमणार नाही,” मी म्हणाले. लेसरचा किरण ताणलेल्या दोरीसारखा दिसला, तरी जाता जाता तो पसरतोच. नळीचं तोंड बोटाएवढं असेल, तर चंद्रावरून सुटलेला किरण खाली पोचेपर्यंत अख्ख्या शहराएवढा होईल. सेनापती मरणं दूरच, त्याला शिंकही येणार नाही. इतक्या लांब मारा हवा असेल, तर बंदुकीचं तोंडच मैदानाएवढं पाहिजे.

“जेवढं मोठं तोंड तेवढा लांब मारा,” आत्या भाजी निवडता निवडता म्हणाली. “आपल्या घरात हे वेगळं शिकवावं लागत नाही.”

बाबा हसले नाहीत. “मग ती तिथेच राहणार?” एवढंच त्यांनी विचारलं.

मी त्यांना आकडे सांगितले.

दुसऱ्या दिवसापासून बाबांच्या पेनाला टोपण लागलं. ते पुन्हा खिडकीशी. पानात अर्धं जेवण तसंच. “वहिनी गेली तेव्हाही हा इतका गप्प नव्हता,” आत्या मला म्हणाली. “तिला एकदा देवानं नेलं, एकदा तू.”

मला उपाय येतो तो एकच : प्रयोग. किरण कसा पसरतो ते बाबांनी स्वतः मोजलं, की त्यांचं डोकं पुन्हा चालू लागेल, असा माझा हिशोब. वर्गात फळ्यावर ठिपका दाखवायला वापरतात तसला छोटा लेसर मी गॅलरीत स्टँडवर बसवला आणि मैदानापलीकडच्या लॉन्ड्रीच्या पांढऱ्या भिंतीवर रोखला. दिवेलागणीला बाबांच्या हाती टेप देऊन त्यांना तिकडे धाडलं. म्हणजे आत्यानं त्यांना दाराबाहेर काढलं. त्यांचा आणि माझा फोन जोडून चालू ठेवला होता.

मी बटण दाबलं. इथे वाटाण्याएवढा असलेला ठिपका तिथे ताटाएवढा झाला, अगदी माझ्या गणिताबरहुकूम. फक्त तो भिंतीवर पडला नाही. भिंतीसमोर बाबा उभे होते. ठिपका त्यांच्या छातीवर पडला.

“आजोबांवर कुणीतरी नेम धरलाय!” लॉन्ड्रीतली बाई ओरडली. इस्त्रीवाला कपड्यांच्या गठ्ठ्यामागे गेला. दारातली गिऱ्हाइकं कापलेल्या गवतासारखी आडवी झाली. मी घाबरून लेसर बंद करायला गेले, तर कोपर स्टँडला लागलं आणि किरण मैदानभर फिरला. चेंडू खेळणारे, फिरायला आलेले, बाकावरची जोडपी, सगळे जिथल्या तिथे पालथे! एक कुत्रा तेवढा ठिपक्यामागे धावला.

उभे राहिले ते फक्त बाबा. फोनमधून त्यांचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी पूर्ण वाक्यांत. “उठा, उठा. किरण पसरला की त्याच्यात दम राहत नाही. एवढ्या लांबून काडीसुद्धा पेटायची नाही. माझी मुलगी म्हणते.”

“मुलगी कुठे असते?” जमिनीवरून कुणीतरी विचारलं.

बाबांनी आमच्या गॅलरीकडे बोट दाखवलं.

पोलीस आले तेव्हा दार आत्यानं उघडलं. “आत आहे ती. न्या,” ती म्हणाली. पोलिसानं हत्यार मागितलं. मी पेनाएवढा लेसर त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला, मग मला पाहिलं.

“शिकलेल्या दिसता,” तो म्हणाला.

याहून मोठी शिवी मला आजवर कुणी दिलेली नाही. लेसर जप्त झाला, मला समज देऊन सोडलं.

बाबा परतले ते थेट टेबलाशी बसले. नव्या प्रकरणात किरण चंद्रावरून सुटतो आणि पसरत पसरत गोठलेल्या शहरावर उतरतो. सेनापती मरत नाही, अंगातला कोट काढतो. पहारेकरी ऊन खात बसतात आणि कुलूप लावायचं विसरतात. राणी पायातले मोजे काढते, घडी करून ठेवते आणि चालू लागते.

मी लाल पेनाचं टोपण काढलं. त्या किरणानं शहर तर सोडाच, राणीच्या पायाची करंगळीही कोमट होणार नव्हती.

“आता बरोबर आहे ना?” बाबांनी विचारलं. आत्याचा भाजी निवडणारा हात थांबला.

“बरोबर आहे,” मी म्हणाले.

बाबा इतके खूश झाले, की प्रकाशकाकडे पाठवताना त्यांनी पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं : ‘शास्त्रीय तपासणी : माझी मुलगी’. खाली माझी सहीही घेतली.

कादंबरी आता छापून येते आहे. तुमच्यापैकी कुणी भौतिकशास्त्र शिकलं असेल, तर ती जरूर विकत घ्या. वाचू मात्र नका.