पेटी म्हणते, पेणकर गावी गेले

"ज्या दिवशी ही पेटी चुकेल, त्या दिवसापासून एलियास पेणकर हे नाव लावणार नाही!" असं एलियासराव खांदा कॉलनीतल्या आपल्या सोसायटीच्या सभेत म्हणाले आणि त्यांनी टेबलावर मूठ आपटली. टेबल प्लास्टिकचं असल्यामुळे परिणाम जरा कमी झाला.

उरणला तीस वर्षं यंत्रांत घालवून निवृत्त झालेला माणूस. स्वस्थ बसणार कसा?

"क्लाउड म्हणजे ढग. आपल्या टाकीत पाणी किती, हे विचारायला आभाळात कशाला जायचं? ढग जमिनीवर उतरला की धुकं होतं. फॉग! आपली ही कॉम्प्युटरची पेटी जिन्याखाली. घराघरातली बटणं, पाणी, गेट, सगळं तिला कळणार. निर्णय ती इथल्या इथे घेणार. ढगाला नुसता निरोप!"

"धुक्यात दिसतं कमी, पेणकर," सेक्रेटरी कमलाकर म्हणाले.

ठरलं असं, की आठवडाभर पेटी चालवायची आणि पुढच्या शनिवारी पाचला मतदान. बरोबरी झाली तर पेटी भंगारात.

कमलाकरांनी नोटीस लावली : 'रविवारी दहा वाजता इमारतीत फॉग.' पनवेलात फॉग म्हणजे एकच, डासांचा धूर! रविवारी साडेनऊला सगळ्या खिडक्या बंद झाल्या. वसुंधराबाईंनी लोणच्याच्या बरण्या चादरीत गुंडाळल्या आणि सासूला करंजाड्याला लेकीकडे पाठवलं. सासू आठवडाभर तिकडेच राहिली. त्यामुळे वसुंधराबाईंचं मत पेटीच्या बाजूने पक्कं झालं.

पेटीचे नियम एलियासरावांनी स्वतः लिहिले. सोळा तास घरातलं एकही बटण दाबलं गेलं नाही, तर माणसं गावी गेली असं समजायचं. मग त्या घराची वीज बंद, पाणी बंद, वॉचमनच्या फोनवर निरोप. वॉचमन काशिरामला त्यांनी बजावलं, "माणसं थापा मारतात. पेटी म्हणेल तेच खरं!"

शुक्रवारी सूर्यास्ताला एलियासरावांच्या पत्नी अबीगेलबाईंनी शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा लावला. तेव्हापासून शनिवारी तीन तारे दिसेपर्यंत पेणकरांच्या घरात कोणी बटणाला हात लावत नाही. आजोबा-पणजोबांपासूनचा रिवाज. सगळ्या इमारतीला ठाऊक होता. पेटीला तेवढा कोणी सांगितला नव्हता.

शनिवारी साडेदहाला पंखा थांबला. शुक्रवारपासून चालू ठेवलेली विजेची शेगडी विझली, तिच्यावरची कोंबडी गार झाली. आणि न्हाणीघरात, डोक्याला साबण फासलेला असताना, एलियासरावांचा नळ शेवटचा खोकला.

"अहो, तुमचं धुकं आलं वाटतं घरात!" अबीगेलबाई बाहेरून म्हणाल्या.

एलियासराव टॉवेलवर बाल्कनीत धावले. "काशिराम! वर ये! पाणी गेलंय!"

काशिरामने वर पाहिलं, मग फोनकडे. "तुमी गावी गेलेत, सायेब."

"अरे, मी हा समोर उभा आहे!"

"दिसतंय ना. पन पेटी बोलते, घर रिकामं हाय. रिकाम्या घरात आमी शिरत नाय. चोरीचा आळ येतो."

"मी सांगतोय तुला!"

"तुमीच बोललात, मान्सं थापा मारतात."

"चूक झाली म्हणा आणि मोकळे व्हा," अबीगेलबाईंनी सुचवलं.

"चूक? पेटीने नियम पाळलाय! अक्षरशः!"

पाच वाजता एलियासराव पार्किंगमध्ये हजर झाले. साबण वाळून केसांचे पापड झाले होते, मान मात्र ताठ. हात वर झाले. पेटीच्या बाजूने नऊ, विरुद्ध नऊ.

"आणि माझा दहावा!" एलियासरावांनी हात उंचावला.

कमलाकरांनी पेटीने काढलेली हजेरी शांतपणे वाचली. "तीनशे दोन, पेणकर. गावी गेले आहेत."

त्यांनी कागद खाली ठेवला.

"सोपं आहे, पेणकर. पेटी चुकली म्हणा, मी तुमचं मत धरतो. पेटी बरोबर असेल, तर तुम्ही इथे नाही."

वसुंधराबाई कळवळल्या, "भाऊ, म्हणा हो चुकली! सासूबाई उद्या परत यायच्यात. पेटी असली तर पुन्हा फॉग आहे म्हणून सांगता तरी येईल!"

एलियासरावांनी हजेरीकडे पाहिलं. कमलाकरांकडे पाहिलं. मग हात खाली घेतला.

"पेटी चुकत नाही!" ते गरजले. "मी गैरहजर आहे!" आणि गैरहजर माणसाला शोभेल अशा ताठ चालीने जिना चढून गेले. एका मतावाचून पेटी भंगारात गेली. सोमवारी काढायचं ठरलं.

साडेसातच्या सुमारास खांदा कॉलनीवर तिसरा तारा दिसला. एलियासरावांनी दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, न्हाणीघरातला नळ धो धो सुटला. खाली काशिरामचा फोन वाजला.

"अबीगेलबाय!" तो आनंदाने ओरडला. "सायेब आले गावाशनं!"

सगळ्या बाल्कन्यांत माणसं जमली. एलियासराव साबणाच्या डोक्यानेच कठड्याशी आले.

"हो! आत्ताच पोचलो!" ते ठणकावून म्हणाले. "गाडीत धूळ फार होती!"