कमलिनीबाईंचा न चुकणारा डोळा

पिपलानीच्या टाउनशिपमध्ये महाराष्ट्र मंडळाच्या महाप्रसादाचे तांदूळ कमलिनीबाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय पातेल्यात पडत नसत. म्हणून मंडळाचा मानाचा नारळही दरवर्षी त्यांचाच. यंदा तो शेजारच्या क्वार्टरमधल्या शशिकलाबाईंच्या हेमंतला द्यायचं ठरलं आणि कमलिनीबाईंचा सकाळचा चहा कडू झाला. हेमंत म्हणे प्रकाशावर पीएच.डी. करून आला होता.

“दिवे लावायला एवढं शिकावं लागतं होय?” त्या सुनेला, शोभाला म्हणाल्या. “आपल्याकडे बटण दाबलं की लागतात.”

शोभा कप उचलून आत गेली. तिला सासूबाईंच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू ठाऊक नव्हता. तो कुणालाच ठाऊक नाही, अशी त्यांची खात्री होती. कळलं असतं तर तांदळाची परात सरळ शशिकलाबाईंकडे गेली असती, आणि त्यापेक्षा आंधळं झालेलं बरं असं कमलिनीबाईंचं मत होतं.

नारळाच्या समारंभात हेमंतने हॉलमध्ये अंधार केला. टेबलावर एक नळी. नळीला डोळा लावायचा आणि दिसलेला ठिपका ‘पहिला’ की ‘दुसरा’ ते सांगायचं. टेबलाच्या टोकाला, दारातून येणाऱ्या उजेडात, शशिकलाबाई दोन ठिपक्यांची दोन बटणं घेऊन बसल्या होत्या. मुलाची मदतनीस म्हणून मिरवायला नवी इरकल नेसून. दोन्ही ठिपके अतिशय मंद, एक किंचित जास्त उजळ एवढंच. त्यांतून प्रकाशाचे कण थेंबाथेंबाने येतात, कधी कमी उजळ ठिपकाच जास्त कण सांडतो, असं हेमंतने समजावलं. दोन्ही ठिपक्यांच्या क्वांटम अवस्था एकमेकींत इतक्या मिसळलेल्या की जगातलं उत्तम यंत्रही केव्हातरी चुकणारच. त्याचं सगळं संशोधन ती चूक कमीत कमी कशी करायची याचं होतं.

“म्हणजे इतकं शिकून शेवटी चुकायचंच,” असं मोठ्याने म्हणत कमलिनीबाई उठल्या.

उजवा डोळा त्यांनी नळीला लावला. आत नुसतं धुकं. पण डावा डोळा मोकळा होता, आणि तो सवयीने शशिकलाबाईंकडेच गेला. बाईंनी पदर खांद्यावर ओढला.

“पहिला,” कमलिनीबाईंनी ठोकून दिलं. बरोबर निघालं. पुढच्या वेळी पदर हलला नाही. “दुसरा.” तेही बरोबर. मग काय, पदर हलला की पहिला, नाही हलला की दुसरा. बाकीच्या सगळ्यांनी गोते खाल्ले होते. कमलिनीबाई एकदाही चुकल्या नाहीत.

हेमंतचा चेहरा पडला. “काकू, सच्ची सांगतो, हे होऊच शकत नाही. निसर्गाचीच मनाई आहे.”

“निसर्गाला सांग, माझं सासर नागपूरचं आहे.”

मंडळाचे चिटणीस दिगंबरराव यांनी तिथल्या तिथे नारळ कमलिनीबाईंच्या हातात दिला. शशिकलाबाईंकडे बघून कमलिनीबाईंना जे सुख झालं ते नातू झाला तेव्हाही झालं नव्हतं. पण हेमंत सोडेना. अशा डोळ्याची नोंद झालीच पाहिजे, तो आपल्या सरांना कळवणार. उद्या दवाखान्यात चला, म्हणाला. सगळ्या मंडळासमोर नाही कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. “या डोळ्याने यांना ट्यूबलाइट दिसली तरी पुष्कळ. ऑपरेशन करावं लागेल.” हेमंत डोकं धरून बाहेर गेला, शोभा कागद भरायला गेली, आणि बाकावर कमलिनीबाई आणि सोबत आलेल्या शशिकलाबाई उरल्या.

“मला वाटलं, चारचौघांत तुमचं हसं होऊ नये,” शशिकलाबाई हळूच म्हणाल्या. “म्हणून पदर ओढत होते. पोराला दवाखान्याचं सुचेल असं वाटलं नाही हो, ताई.”

“तुम्हाला डोळ्याचं कुणी सांगितलं?”

“मागच्या वर्षीच्या तांदळात खडे राहिले होते. तुमच्यानंतर मी पुन्हा निवडले होते. बोलले नाही कुणाला.”

कमलिनीबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकल्या. विद्वान मुलगा, इरकल, ते सगळं त्यांनी सोसलं असतं. वर आणि हा चांगुलपणा?

ऑपरेशन झालं. यंदाचे तांदूळ अर्थातच शशिकलाबाईंनी निवडले. डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच दिवशी कमलिनीबाईंनी त्यांतलेच ताटभर मागवून घेतले आणि खिडकीशी बसून एकेक दाणा सरकवू लागल्या. दुपारचं जेवण तिथेच झालं, चहाही तिथेच. ऊन उतरलं तरी ताटाच्या कडेला एक खडा जमला नव्हता.

“शोभा,” त्या शेवटी म्हणाल्या, “डॉक्टरांना विचार, ऑपरेशन नीट झालंय ना?”