ठमाबाई हलवली

"आजपासून या ऑफिसात ठमाबाई जराशी जरी हलली ना, तर साऱ्या दुनियेला कळेल," मधु भोईरने जाहीर केलं.

वर्तकनगरातल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात त्या वेळी लिमयेसाहेब होते, सुधीर होता आणि चहाचे रिकामे ग्लास होते. साल सत्त्याण्णव, वार शुक्रवार, दुपारचे अडीच. ठमाबाई म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळेच झाला.

हे लोक माजिवड्याच्या एका हॉस्पिटलसाठी प्रोग्रॅम लिहीत होते. सगळं लिखाण एका मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवलेलं. कोणी कुठली ओळ कधी बदलली याची जन्मकुंडली त्यात असायची. हजार वेळा बदललेल्या त्या लिखाणात "एवढं तपासलेलं आहे, हेच हॉस्पिटलला द्यायचं" असं सांगणारी एक खूण मारून ठेवत. त्या खुणेला टॅग म्हणायचं. टॅग एका जागी ठाम राहिला पाहिजे, उठसूट कोणी हलवता कामा नये. नाव काय द्यावं यावर चर्चा झाली तेव्हा मधु म्हणालेला, "ठमाबाई. माझी आत्या. तिने एकदा नाही म्हटलं की देव आला तरी हलत नाही."

तरी सुधीरने ती हलवली. गेल्या महिन्यात, गुपचूप, न तपासलेल्या कोडवर. सोमवारी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरने हर्नियाचे चार पुरुष बाळंतिणींच्या वॉर्डात भरती करून टाकले. साहेबांनी दोन दिवस कोणाशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी मधुने छाती पुढे काढली आणि म्हणाला, "साहेब, मी हूक लावतो."

हूक म्हणजे काही खुंटी नव्हे. टॅग हलवायला कोणी हात लावला रे लावला की आपोआप चालणारा छोटासा प्रोग्रॅम. तो आधी कारण विचारणार. कारण दिलं नाही तर टॅग जागचा हलणार नाही. दिलं, तर टॅग हलवून वर मोडेमने पेजर कंपनीला फोन लावणार आणि साहेबांच्या पेजरवर हॉस्पिटलच्या नावासकट "ठमाबाई हलवली" असा संदेश आणि कारण पाठवणार. चोरी म्हणून उरणारच नाही. मधुने आठवडाभर बसून हूक लिहिला आणि पाच ओळींत कमाल केली असं शिपायापासून साहेबांपर्यंत सर्वांना ऐकवलं.

खरं तर त्या दिवशी तो ऑफिसात असायलाच नको होता. शीळफाट्याच्या पुढे त्याच्या गावी, त्याच दुपारी, डोंबिवलीची मंडळी बोलणीला येणार होती. मुलगी मालू, वाचनालयात कामाला. मधुने तिला शेवंतीच्या, म्हणजे आत्याच्या मुलीच्या, घरी दोनदा पाहिलेलं. दुसऱ्यांदा ती त्याच्याकडे बघून हसली, आणि तेव्हापासून हा गडी जेवताना भात डाळीऐवजी पाण्यात कालवत होता. पण घरात शेवटचा शब्द आत्याचा. आईबाप तिच्यापुढे मान वर करत नसत. याआधी तिने चार मुली नाकारलेल्या: एक फार बोलते म्हणून, एक बोलतच नाही म्हणून, आणि दोन नुसत्याच. आज ती पाचवीला नाही म्हणाली तर मालूचं दुसरीकडे ठरणार, हे शेवंतीने स्वच्छ सांगितलेलं. मधुला पाचच्या आत घर गाठायचं होतं.

"हूक चालवून दाखव आणि जा," साहेब म्हणाले. "सोमवारी नवीन प्रोग्रॅम बसवायचाय. ठमाबाईंना नव्या कोडवर न्या, माझा पेजर वाजू द्या, आणि मग आपण खुशाल बोहल्यावर चढा."

मधुने हुकूम सोडला. हुकाने कारण विचारलं. मधुने टाइप केलं, "जुनी झाली." मोडेम किंचाळला, दिवे लुकलुकले, ठमाबाई हलली.

साहेबांचा पेजर टेबलावर गप्प पडून होता.

"वाजला नाही," साहेब म्हणाले.

"लाइन बिझी असेल." मधुने ठमाबाई मागे नेली, मोडेम पुन्हा किंचाळला, पेजर गप्प. पुन्हा पुढे नेली. पेजर गप्प. मधुच्या मानेवरून घाम ओघळायला लागला. सुधीर मागे उभा राहून दात कोरत होता, त्याला तर सणच. "दुनियेला कळणार होतं ना रे?" तो म्हणाला. मधु प्रोग्रॅम उघडून ओळ न् ओळ वाचू लागला. घड्याळात साडेतीन वाजून गेले होते.

इतक्यात फोन वाजला. शीळफाट्याच्या बूथवरून काळुराममामा.

"मधु, तू जिथं असशील तिथून माजिवड्याला नीघ. ठमाबाई गेली रे आपली."

"कुठे गेली?"

"अरे गेली म्हणजे गेली. हॉस्पिटलात. आम्ही सगळे टेम्पोने निघालोय, पाव्हणेही हायेत. धीर धर बाबा." आणि फोन कट.

मधुच्या हातातून रिसीव्हर सुटला. या आत्याने त्याला अंगाखांद्यावर वाढवलेलं. आई शेतावर असायची, आणि तापात कपाळावर हात असायचा तो आत्याचा. तो खुर्चीत बसला आणि लहान पोरासारखा रडला. लिमयेसाहेबांनी स्वतः उठून पाणी आणलं. सुधीर दात कोरायचा थांबला. "सकाळी तर बरी होती हो," मधु हुंदके देत होता, "शेवंतीकडे डोंबिवलीला गेलेली. चारपर्यंत येते म्हणाली."

"डोंबिवलीहून माजिवड्याला कशाला आणलं?" सुधीरने विचारलं. "आणि तुझ्या मामाला कळवलं कोणी?"

मधु रडायचा थांबला. त्याने स्क्रीनकडे पाहिलं. हुकाच्या शेवटच्या ओळीत पेजरचा नंबर होता. तो साहेबांचा नव्हता. बुधवारी एकाच खात्यावर चाचणी घेताना त्याने स्वतःचा नंबर घातलेला आणि बदलायचं राहिलेलं. आणि त्याचा पेजर सकाळपासून काळुराममामाच्या पट्ट्याला होता. पाव्हण्यांपुढे वजन पडावं म्हणून मामाने मागून घेतलेला.

"साहेब," मधु म्हणाला, "आत्या जिवंत आहे. बहुतेक मी मेलोय."

वर्तकनगर ते माजिवडा रिक्षाने दहा मिनिटं. मधु हॉस्पिटलच्या फाटकाशी पाऊण तास उभा होता, आणि त्या पाऊण तासात तो काय काय बोलायचं ते पाठ करत होता. टेम्पोत कोणाला फोन करणार? घरचा फोन नुसता वाजत होता, घरात उचलायला कोणी उरलंच नव्हतं. बोलणीच्या दिवशी घरात मयत. खोटं निघालं तरी अपशकुन तो अपशकुनच, पाव्हणे बसल्या टेम्पोने डोंबिवलीला परत जातील. आणि आत्याला कळलं की तिच्याच भाच्याने तिला मारली, तर ती फक्त मालूलाच नाही, त्यालाही नाही म्हणेल.

टेम्पो आला. आधी मधुचे वडील राघोशेठ उतरले आणि थेट वॉचमनला भिडले. "माझ्या भयनीला दाखवा." मागून आई कमळाबाई पदराने डोळे पुसत, मग काळुराममामा, कमरेला पेजर. मग मालू, आणि सर्वांच्या शेवटी तिचे वडील दामाजी. काय तो माणूस रडत होता. उजवा हात बगलेत दाबून, तोंड वेडंवाकडं करून, धाय मोकलून. राघोशेठ सख्खा भाऊ, पण त्याचे डोळे दामाजीपुढे कोरडे वाटावेत.

"बाबा, ऐका. आत्याला काही झालेलं नाही," मधुने सुरुवात केली. "हलली ती ठमाबाई वेगळी. प्रोग्रॅममधली. मी तिला नव्या जागी हलवली."

"ऐका," राघोशेठ वॉचमनला म्हणाले, "पोरगाच सांगतो हलवली. आणि तुम्ही म्हणता हितं आणलीच नाय."

"अहो, ती बाई नाही, टॅग आहे."

"टाकली? कुठं टाकली?"

काळुराममामाने मधुला मिठीत घेऊन त्याचं तोंड आपल्या छातीत दाबलं. "धक्का बसलाय पोराला," तो सर्वांना म्हणाला. आतून रिसेप्शनवाली आली, तिने रजिस्टर पाहून ठमाबाई नावाचं कोणी नाही असं सांगितलं, तर मामाने पट्ट्याचा पेजर काढून तिच्या नाकासमोर धरला. "हे काय खोटं हाय? कॉम्प्युटरवरून आलंय. कारणसुद्धा लिवलंय, जुनी झाली. माणसाला असं बोलतात काय?" जमलेल्या लोकांनाही ते पटलं. कोणीतरी हॉस्पिटलच्या नावाने ओरडलं. वॉचमनने शिट्टी फुंकली. मधुला वाटलं आता इथे दगड येणार, आणि पहिला आपल्याच डोक्यात बसावा.

"मला द्या जरा," मालू म्हणाली. तिने मामाच्या हातातून पेजर घेतला आणि पायरीवर बसून एकेक संदेश वाचू लागली. मधु मामाच्या मिठीतून कसाबसा सुटून तिच्याजवळ गेला.

"कॅज्युअल्टी, आयसीयू, मॉर्च्युरी, ऑपरेशन, एक्स-रे," ती हळू आवाजात म्हणाली. "प्रत्येक ठिकाणी ठमाबाई हलवली. मग परत तेच पाच. मग परत तेच. मॉर्च्युरीतून माणूस ऑपरेशनला कसा जाईल हो? तेही तीन वेळा?"

मधु तिच्याशेजारी पायरीवर टेकला.

"मी वाचनालयात दिवसभर कार्डं लावते. सी, आय, एम, ओ, एक्स. हे एबीसीडीने लावलंय." तिने वर पाहिलं. "तुम्ही केलंत का हे?"

"हो," मधु म्हणाला. "प्रत्येक खात्याचा वेगळा फोल्डर आहे. हूक एकदा चालेल वाटलेलं, तो फोल्डरमागे एकदा चालला. माझं चुकलं. आत्या ठणठणीत आहे."

मालूने पेजर तोंडावर धरला. तिचे खांदे हलत होते. कमळाबाईंना वाटलं पोरगी रडते, म्हणून त्या तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. मधुला मात्र डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत पाणी होतं ते हसण्याचं. त्याही परिस्थितीत त्याला बरं वाटलं. पण मालूने हो म्हणून काय होणार होतं?

कारण तेवढ्यात फाटकाशी एक रिक्षा करकचून थांबली, आणि तिच्यातून ठमाबाई उतरली. जिवंत, हिरव्या लुगड्यातली, काखेत शेवंतीने दिलेल्या वालाच्या शेंगांची पिशवी. चारला ती घरी पोचलेली तर घराला कुलूप. शेजारणीने तिला पाहून किंकाळी मारली आणि दार लावून घेतलं. दाराआडूनच तिला आपण वारल्याचं समजलं. कुठे वारलो ते विचारून ती तशीच निघाली.

घरची माणसं वॉचमनभोवती होती, तिच्याकडे सगळ्यांची पाठ. तिला पहिला दिसला तो दामाजी. तिने त्याला जन्मात पाहिलेलं नव्हतं. भिंतीला टेकून, हात बगलेत दाबून, डोळ्यांतून नुसत्या धारा.

"कनाला रडतंस रं बाबा?" आत्या त्याच्यापुढे उभी राहिली. "कोन मेला?"

दामाजीने मान हलवली. "ठमाबाई," तो कसाबसा म्हणाला.

"तुजी कोन ती?"

"सोयरीक व्हायची होती," दामाजी कण्हला आणि पुन्हा त्याचं तोंड वाकडं झालं. "आई गं."

मधुने हे पाहिलं. आता आत्या तोंड उघडणार. आता तिला सगळं कळणार. राघोशेठ वळले, त्यांनी बहिणीला पाहिलं, आणि वॉचमनच्या अंगावर कोसळले. मामाने पेजर शोधायला कमरेला हात घातला. आत्या मात्र कोणाकडे बघेना. ती दामाजीकडेच बघत होती.

"राघो," ती म्हणाली, "मी मेलेलं ऐकून तू वाचमनशी भांडतंस, ना ह्यो परका मानूस बघ. मना बघितला पन नाय, ना रडतं बघ कसा." तिने पिशवीतल्या शेंगांसकट हात जोडले. "पावना, तुमची पोर आमची. मना बघायची पन नाय."

झालं. चार मुलींना जे मिळालं नाही ते पाचवीला हॉस्पिटलच्या फाटकात, उभ्या उभ्या मिळालं. हुकाचं, पेजरचं, जुनी झालीचं कोणी विचारलंच नाही. राघोशेठना पाणी मारून उठवलं, मंडळी टेम्पोत चढली, आणि परतीच्या वाटेवर आत्याने दामाजीला आपल्या शेजारी बसवलं. ती त्याला दर दोन मिनिटांनी म्हणत होती, "आता नाय रडाचा. मी हाय." आणि टेम्पोने गचका दिला की त्याच्या डोळ्यांत पुन्हा पाणी यायचं, आणि आत्याचा पदर पुन्हा डोळ्यांना जायचा.

घरी पोचल्यावर सगळे आत गेले. दामाजीने मधुचा शर्ट धरून त्याला टेम्पोमागे ओढलं आणि बगलेतला हात बाहेर काढला. मधलं बोट वांग्यासारखं काळंनिळं सुजलेलं.

"जावईबापू," तो दात आवळून म्हणाला, "शीळफाट्याला फोनला थांबलो, परत चढताना टेम्पोच्या मागच्या फाळक्यात चेंगरलं हो. जीव चाललाय. तुमच्या आत्याबाईंना काय सांगू मी आता?"

टॅग जरासा हलला तरी साऱ्या दुनियेला कळवणारं यंत्र ज्याने आठवडाभर खपून बनवलं, त्या मधु भोईरने इकडेतिकडे पाहिलं, होणाऱ्या सासऱ्याचा हात अलगद पुन्हा त्याच्या बगलेत घातला आणि म्हणाला, "काही सांगू नका. लग्नापर्यंत रडत राहा."