अप्पांचे पाव्हणे

आमच्या शेजारचे शिवलिंगअप्पा चाकूरच्या बाजारात मासळीवाल्यांच्या रांगेवरून जाताना उपरणं नाकाला लावतात आणि पावसाळ्यात दुकान सोडून घरणी नदीच्या बंधाऱ्यावर माशांची काळजी करत बसतात. घराण्यात कुणी मासा चाखलेला नाही. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. ‘मासा’ हा शब्दसुद्धा ते उच्चारत नाहीत, ‘पाव्हणे’ म्हणतात. त्यांनी “पाव्हणे आले का?” असं विचारलं की नवखं गिऱ्हाईक बिचारं त्यांच्या घराच्या दाराकडे बघतं.

अप्पांचं म्हणणं एवढंच होतं. पूर आला की मासे अंडी घालायला नदीच्या वरच्या अंगाला निघतात. आमच्याकडे त्यांना बंधाऱ्याची भिंत आडवी येते. ते उड्या मारतात, भिंतीवर आपटतात आणि खाली टॉवेल धरून उभी राहिलेली माझ्यासारखी खादाड माणसं त्यांना झेलतात.

“बापू, दारात आलेला पाव्हणा कुनी कालवनात टाकतं का?” अप्पा मला विचारायचे.

“चवदार असला तर टाकतं,” मी म्हणायचो. मग दोन दिवस अबोला.

शेवटी त्यांनी भिंतीच्या माथ्याला एक खाच पाडून घेतली आणि तिथून खाली दगडी पायऱ्यांचा उतार रचायला घेतला. गाव बिथरलं. पाणी वाहून गेलं तर? सरपंचबाईंनी निकाल दिला, “अप्पा, या पावसाळ्यात एक बी मासा वर गेला न्हाई, तर खाच बुजवू आन् दगडं काढू.”

पायरी किती उंच हवी, हे कुणाला ठाऊक? अप्पांनी स्वतःचे गुडघे कामाला लावले. प्रत्येक पायरी चढून बघायचे. कळ आली की “लई उंच झाली, काढा!” गवंडी बेजार झाला. शिवाय थोड्या थोड्या पायऱ्यांनंतर एक खोलगट डबकं हवंच.

“माशाला कशाला बैठक, अप्पा?” तो विचारायचा.

“असू द्या. लागती.”

श्रावणात खाचेतून पाणी उतरलं. सगळं गाव काठावर. एक भलामोठा मासा आला, पोट अंड्यांनी फुगलेलं. चार पायऱ्या चढला आणि डबक्यात थांबला. हलेचना. लोक टाळ्या पिटायला लागले, “चढ! चढ की!” मीही तोंडाला सुटलेलं पाणी गिळून ओरडत होतो.

“गप बसा!” कधी आवाज न चढवणारे अप्पा गरजले. “पोटुशी हाय ती. दम खाऊ द्या तिला.”

सगळे चिडीचूप. अप्पा पाण्यात पाय सोडून बसले आणि मला हळूच म्हणाले, “आमची ही शेवटी शेवटी लातूरच्या दवाखान्याच्या जिन्यावर अशीच टेकायची. मी वरून वरडायचो, चल की लवकर. एकदा बी तिच्यापाशी थांबलो न्हाई, बापू.”

 मीही पाण्यात पाय सोडून त्यांच्याशेजारी बसलो.

बऱ्याच वेळानं तिनं शेपटी हलवली आणि एकेक पायरी चढत खाचेतून पलीकडे गेली. काय गलका केला गावानं! सरपंचबाईंनी तर पदर खोचून फुगडीच धरली. अप्पा मात्र वाकून बघत होते, खालच्या डबक्यात आणखी कुणी टेकलंय का.