मुख्य श्रोत्याची जागा

रविवारी सकाळी साडेआठला नालवाडीतल्या कैलासच्या हॉलमध्ये थर्माकोलचा कचरा पसरला होता, पाच स्पीकर पाच दिशांना तोंडं करून बसले होते, सहावा तो धूमधूम करणारा मोठा डबा टीव्हीखाली मावत नव्हता म्हणून दाराशी आडवा पडला होता, आणि कैलासला रडू येत होतं. कारण पाच वाजता देवळीहून हरिदासदादा येणार होता. अण्णाजींना परत न्यायला.

झालं असं होतं, की आई गेल्यापासून बारा वर्षं अण्णाजी देवळीला थोरल्या हरिदासकडेच. यंदा गुढीपाडव्याला कैलासनं हट्टानं वडलांना आपल्याकडे आणलं, तेव्हा भावकीतल्या एकानं देवळीच्या बसस्टँडवरच ऐकवलं होतं, "कैलासकडं म्हातारा दोन महिने टिकत नाई. लिहून घे." आणि आता दोन महिन्यांना फक्त आठ दिवस कमी होते.

बरं, कैलासनं काय कमी केलं होतं? घरातली मानाची जागा दिली होती. खिडकीखालचा दिवाण, त्याच खिडकीत कूलर. मे महिन्यातल्या वर्ध्यात गार हवा पहिली अण्णाजींच्या अंगावर, उरलीसुरली बाकीच्यांच्या. पण अण्णाजींना टीव्ही ऐकूच येईना. रोज सात वाजता त्यांची सासू-सुनेची मालिका लागायची आणि प्रत्येक वाक्यानंतर ते विचारायचे, "काय म्हणली ते?"

"ते म्हणे, घरातून निघ," कैलास ओरडून सांगायचा, तोवर सून निघून परत आलेली असायची.

कानाच्या मशीनचं नुसतं नाव काढलं तर अण्णाजी एक वेळ जेवले नाहीत. आणि बुधवारी भर मालिकेत उठून म्हणाले, "तुमी नवराबायको कुजुकुजु बोलता, मले काई सांगत नाई. हरिदासले फोन लाव. रविवारी ये म्हना."

म्हणून कैलासनं नागपूरला जाऊन हे स्पीकर आणले. पुढून, मागून, बाजूनं, सगळीकडून आवाज आला तर अण्णाजी जातील कुठं?

दोन स्पीकर टीव्हीच्या बाजूला, एक मधे, दोन दिवाणाच्या मागच्या भिंतीवर खिळे ठोकून, असं सगळं दोन तासांत लागलं. मग अपेक्षानं, म्हणजे कैलासच्या बायकोनं, मोबाइलवर पुढची सूचना वाचली. "मुख्य श्रोता जिथं बसतो तिथं कानाच्या उंचीवर माईक ठेवा, अन् तीन मिनिटं पूर्ण शांतता ठेवा. बाकी मशीन आपोआप जुळवते म्हणे."

"तीन मिनिटं? बस?" कैलास म्हणाला.

मुख्य श्रोता दाढी करायला कवडूच्या दुकानात निघालाच होता. उन्हाचं डोक्याला दुपट्टा गुंडाळून, टोपी दिवाणावर ठेवून अण्णाजी बाहेर पडले. कैलासनं दिवाणावर पांढरी चादर नीट केली, दोन उशा उभ्या केल्या आणि माईक वर ठेवला. तो घसरला. परत ठेवला, परत घसरला. शेवटी अपेक्षानं उशांवर अण्णाजींची टोपी घातली आणि टोपीच्या खोबणीत माईक बसवला. अगदी अण्णाजींच्या कानाच्या उंचीवर.

बटण दाबलं. टीव्हीवर लगेच लाल अक्षरं आली, नॉइज टू हाय.

"कूलर," अपेक्षा म्हणाली.

कूलर बंद केला. पहिला स्पीकर टूं म्हणाला, दुसरा टूं म्हणाला, आणि स्वयंपाकघरात कुकरनं शिटी दिली. लाल अक्षरं. गॅस बंद केला. पुन्हा पहिल्यापासून टूं, तर आलू-कांद्याची गाडी भोंगा वाजवत दारात येऊन उभीच राहिली. लाल अक्षरं. मग कैलासनं दार लोटलं, पडदे ओढले, आणि दोघं दिवाणासमोर जमिनीवर माना खाली घालून बसले. चव्वेचाळीस डिग्रीत, कूलरविना. अपेक्षा पदरानं डोळ्यांत गेलेला घाम पुसत होती आणि मधूनच नाक ओढत होती.

नेमके तेव्हाच शेजारचे मधुकरराव आले. ते रोज पेपर वाचायला यायचे. त्यांनी दार ढकललं आणि पाहिलं. मे महिना, अकरा वाजलेले, कूलर बंद. खोलीत अंधार. दिवाणावर पांढरी चादर, वर अण्णाजींची टोपी आणि अण्णाजी नाहीत. समोर पोरगा आणि सून माना खाली घालून बसलेले, सून डोळे पुसते आहे. आणि दाराजवळच्या अंधारातून कुणीतरी कण्हल्यासारखा खोल आवाज येतो आहे, घूंऽऽ.

"कैलास," मधुकरराव कसंबसं म्हणाले, "कधी?"

कैलासनं ओठांवर बोट ठेवलं आणि हात जोडले. म्हणजे, काकाजी, मेहरबानी करून जा. मधुकररावांनीही हात जोडले, मान हलवली आणि दार अलगद ओढून घेतलं. टीव्हीवर लाल अक्षरं आली.

"पाहा ना जी, किती समजदार मानूस हाये," अपेक्षा म्हणाली. "काई इचारलं नाई."

त्या समजदार माणसानं गेटच्या बाहेर जाऊन आधी हरिदासला फोन लावला आणि मग मोहल्ल्याच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या.

आत कैलास टेकीला आला होता. सातवा प्रयत्न, आठवा प्रयत्न. कधी कुणाचा कुत्रा, कधी मोटरसायकल. आणि मग अकराव्या वेळी चमत्कार झाला. बाहेर अचानक सगळं गप्प झालं. गाडीचा भोंगा नाही, पोरांचं क्रिकेट नाही, समोरच्यांचा टीव्ही नाही. नालवाडीत एवढी शांतता कैलासनं लॉकडाऊननंतर ऐकली नव्हती. पडद्यावर आकडे चढायला लागले. चाळीस टक्के. साठ. मागचा डावा स्पीकर टूं. ऐंशी. मागचा उजवा टूं. कैलासनं अपेक्षाचा हात घट्ट धरला. सत्त्याण्णव.

"बाप्पाऽऽ," करत हरिदास दार फोडून आत आला, दाराशी पडलेल्या डब्याला अडखळला आणि थेट दिवाणावर उशांच्या गळ्यात पडला. खाली काहीतरी कट्ट करून मोडलं.

"दादा, माईक," कैलास किंचाळला.

"बाप गेला अन् तुले माईकची पडली बे?" हरिदास टोपी छातीशी धरून रडत होता. "दोन महिने सांभाळता नाई आलं तुले. कुठी ठेवलं त्याईले?"

"कोणाले?"

"अण्णाजीले."

"कवडूकडं हायेत. दाढी करून राह्यले."

हरिदासनं रडणं थांबवलं नाही, फक्त हळू केलं. "मंग मेलं कोण?"

कैलास बाहेर धावला, मागोमाग अपेक्षा आणि हरिदास. गेटपासून लिंबापर्यंत प्लास्टिकच्या खुर्च्या लागल्या होत्या. पंचवीसेक माणसं डोक्याला रुमाल बांधून गप्प बसली होती, आलू-कांद्यावालाही गाडी बंद करून बसला होता. पहिल्या रांगेत मधुकरराव बाजूच्याच्या कानाला लागून अगदी हळू म्हणत होते, "मानूस चांगला होता, पन भल्ला किरकिऱ्या. अन् पेपर पुरा वाचू नाई द्यायचा."

शेवटच्या रांगेतून, दुपट्ट्याच्या गुंडाळीतून आवाज आला, "कोन किरकिऱ्या बे, मधुकर? तू तर पेपरच घरी घेऊन जातं."

पंचवीस माना मागे वळल्या. अण्णाजी दाढी करून परत आले होते, दारात माणसं बसलेली पाहिली आणि कुणाच्या तरी दुःखात आपणही बसावं म्हणून रिकामी खुर्ची घेऊन बसले होते. गेली दहा मिनिटं.

सगळे मधुकररावांकडे पाहत होते. कैलास मात्र पहिल्या आणि शेवटच्या रांगेतलं अंतर पाहत होता. तो भिंतीकडे तोंड करून, तोंडावर हात ठेवून अपेक्षाला पुटपुटला, "याईले आयकू येते काय व?"

"येते ना," अण्णाजी मागून म्हणाले. "काऊन नाई येईन?"

"मंग घरात काऊन नाई येत?"

"घरात तुमी मले कूलरच्या तोंडात बसवलं ना. चोवीस घंटे कानापाशी घर्रर्र. तिथं देव बोलला तरी आयकू नाई येईन."

"अण्णाजी, मंग सांगाचं ना एक डाव."

अण्णाजींनी दुपट्टा सोडून गुडघ्यावर ठेवला. "कसं सांगू? पोरानं मानाची जागा देल्ली. माह्यासाठी स्वतः घामात बसून राह्यला. त्याले म्हनू का, इथून हटव मले? त्यापरीस देवळीले गेलेलं बरं, असा इचार केला."

कैलास तिथेच लिंबाखाली बसला. अपेक्षानं जमलेल्या सगळ्यांसाठी चहा टाकला, कारण आलेल्या माणसांना तसंच कसं पाठवणार. हरिदासनं नाक पुसत विचारलं, "मंग चलता ना अण्णाजी? गाडी हाये."

"तू जा," अण्णाजी मधुकररावांकडे बघत म्हणाले. "आता आयकू येऊन राह्यलं तर राह्यतो अजून काई दिवस. कोन माह्याबद्दल काय काय बोलते, ते तरी समजन."

मधुकररावांनी अर्धा चहा तसाच ठेवला.

संध्याकाळी सात वाजता मालिका लागली. कूलर त्या खिडकीशिवाय दुसरीकडे बसत नव्हता आणि अण्णाजींना कोपऱ्यात बसवलं तर लोक काय म्हणतील, म्हणून कैलासनं कूलर बंदच ठेवला. पाच स्पीकर जागच्या जागी मुके बसले होते, माईकशिवाय ते बोलायला तयार नव्हते. धूमधूम करणाऱ्या डब्यावर अपेक्षानं पाण्याचा तांब्या ठेवला होता. टीव्हीचा जुनाच, रोजच्यासारखा पूर्ण वाढवलेला आवाज येत होता. कैलासच्या बनियनमधून घाम टपटपत होता आणि तरी तो वडलांकडे बघत बसला होता, कारण पहिल्यांदाच अण्णाजी सुनेच्या वाक्याला वेळेवर हसत होते.

मालिकेत सासू ओरडली, "निघ माझ्या घरातून."

अण्णाजींनी कपाळाला आठ्या घालून मागे पाहिलं.

"आवाज कमी कर ना बे, कैलास. बहिरा हाव काय मी?"